जुन्या जिप्सीतला ‘घुंईं’ आवाज: मागचा डिफ बदलू की माझे कान?

ओढ्याकाठ | ६ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गाडी: जिप्सी किंग, १९९९ ची, पेट्रोल. मी तिसरा मालक, २०११ पासून माझ्याकडे आहे. मीटर मध्ये दोन वर्षं बंद होता, त्यामुळे किती पळाली ते विचारू नका. भोरच्या पुढे आमचं शेत आहे. पावसाळ्यात तिथं जायचं तर एक ओढा ओलांडावा लागतो, म्हणून ही गाडी. घरच्यांच्या मते ही गाडी आहे म्हणून ते शेत. असो.

सध्या तीन आवाज आहेत.

एक, घुंईं. ताशी ४० च्या पुढे सुरू होतो, ५० ला ठसठशीत, ६५ नंतर वाऱ्यात आणि हूडच्या फडफडीत हरवतो. गिअर कुठलाही असो, तसाच. अ‍ॅक्सिलरेटर दाबा, सोडा, तसाच. उतारावर न्यूट्रल करून पाहिली, तरी तसाच.

दोन, चिव-चिव-चिव. अगदी हळू चालवताना, कंपाउंडच्या भिंतीजवळून जाताना स्पष्ट ऐकू येतो. वेग वाढला की चिमणी उडून जाते.

तीन, खट्. रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडला की खालून एकदाच.

आमच्या नेहमीच्या फिटरने एक चक्कर मारली आणि निकाल दिला, “मागचा डिफ गेलाय. क्राउन-पिनियन नवीन टाकावं लागेल.” (नवख्यांसाठी: डिफ म्हणजे डिफरन्शिअल, एक्सलच्या मधला दातेरी चाकांचा डबा. क्राउन हे त्यातलं मोठं चाक, पिनियन छोटं.) मजुरी धरून २८ हजार सांगतोय. माणूस वाईट नाही, पण पाच मिनिटांत २८ हजार म्हणजे मिनिटाला साडेपाच हजाराच्या वर झाले. म्हणून तुम्हाला विचारतोय.

जाता जाता: मागच्या वर्षी चारही मड टायर नवीन टाकले. डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळपट ओघळ येतात, पण ते जुन्या गाड्यांना असतंच म्हणे.

---

तिरकस | ६ जुलै, रात्री ९:५२

चिव-चिव बंद करू नकोस. शहरात चिमण्या कमी झाल्यात.

---

डिझेलदास | ६ जुलै, रात्री १०:०५

१९९९ ची पेट्रोल गाडी, मायलेज काय विचारायलाच नको. त्या २८ हजारांत थोडे घालून डिझेल बघ. आवाज त्यातही येतो, पण सगळीकडून सारखाच येतो, म्हणून माणूस चिंता करत नाही.

---

मावळी_गाडा | ६ जुलै, रात्री १०:३१

उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे: मड टायर. मीही मागे असाच आठवडाभर बेअरिंग-बेअरिंग करत बसलो होतो आणि निघाले टायर. मोठ्या गोट्यांचे (म्हणजे रबरी ठोकळ्यांचे) टायर डांबरावर रडतातच, आणि एका बाजूने झिजले की आणखी जोरात.

तपासायची सोपी युक्ती सांगतो. नवं गुळगुळीत डांबर, खरबरीत डांबर आणि सिमेंटचा रस्ता, तिन्हीवर त्याच वेगाने चालव. टायरचा आवाज पृष्ठभागाप्रमाणे बदलतो. लोखंडाला रस्ता कसला आहे ते कळत नाही.

---

ओढ्याकाठ | ६ जुलै, रात्री ११:१०

@मावळी_गाडा, उद्या महामार्गावर बघतो. पण टायर टाकले मागच्या वर्षीच्या मे महिन्यात आणि आवाज सुरू झाला दिवाळीनंतर, एवढं पक्कं आठवतंय.

@डिझेलदास, कृपया विषय डिफचा आहे.

---

पर्थकर | ७ जुलै, पहाटे ४:२०

(इकडे सकाळ आहे, घाबरू नका.)

ऑस्ट्रेलियात याच गाडीच्या भावंडाला सिएरा म्हणतात, अमेरिकेत सामुराई. आपली जिप्सी म्हणजे त्यातली लांब चाकांतराची. इकडे अजून बरेच जण त्या शेतावर आणि वाळूत हाणतात. माझ्याकडे एक होती.

माझा पहिला संशय चाकाच्या बेअरिंगवर. मोकळा रुंद रस्ता बघून ५० च्या वेगात गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलव. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर डाव्या बाजूचं बेअरिंग, उलट झालं तर उजवं. शिवाय पंधरा-वीस किलोमीटर चालवून चारही हबना (चाकांच्या मधल्या भागांना) हात लाव, एखादा इतरांपेक्षा फार गरम असेल तर तोच. आधी बोटाच्या टोकाने अंदाज घे, तळहात एकदम टेकवू नकोस. माझ्या तळहाताला अजून आठवतंय.

---

देवगडकर | ७ जुलै, सकाळी ७:१५

आधी गाडयेखाली वाकान बघ रे, मगे हंय विचार.

---

ओढ्याकाठ | ७ जुलै, रात्री ८:४८

आजचा अहवाल.

रस्ता: सिमेंट, डांबर, भोरच्या अलीकडचं उखडलेलं डांबर. घुंईं तिन्हीकडे तोच. टायरचा स्वतःचा एक वेगळा ‘व्ह्हऊ’ आहे, तो मात्र बदलतो.

झुलवून पाहिली. काही फरक नाही. बायको म्हणाली, पुन्हा केलंस तर मी उतरते.

हब: चारही कोमट, सारखेच.

वाकूनही बघितलं, @देवगडकर. मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या (डिफला फिरवणारा लांब दांडा) पुढच्या क्रॉसजवळ, म्हणजे सांध्याजवळ, तांबूस भुकटी दिसली. बाकी चिखल.

---

जुना_ईएमई | ७ जुलै, रात्री १०:३०

मी सैन्याच्या ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होतो. पहिली वर्षं जोंग्यावर काढली, नंतर जिप्सी आल्या. निवृत्तीनंतर नगरला असतो. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

आवाजाच्या बाबतीत सगळे पहिल्यांदा विचारतात, ‘कुठून येतो?’ हा प्रश्न शेवटचा. लोखंडी चासी म्हणजे तानपुऱ्याचा भोपळा. आवाज एका टोकाला होतो आणि दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. पुढच्या एक्सलचा आवाज मागच्या सीटखालून आल्यासारखा वाटणं मी पन्नासदा पाहिलंय. पहिला प्रश्न, ‘कधी येतो?’

त्याची पायरी अशी. आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर? तुमचा गिअर बदलून बदलत नाही, न्यूट्रललाही राहतो. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. गिअरबॉक्सही बहुतेक सुटला. उरलं ते सगळं चाकांबरोबर फिरणारं: ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा), दोन प्रोपेलर शाफ्ट, दोन डिफ, एक्सल, हब, टायर. टायर आणि हब तुम्ही आज सोडवलेत.

मग, जोर देताना आणि सोडताना फरक पडतो का? हा प्रश्न डिफसाठी मोलाचा. मागचा डिफ तुमची गाडी ढकलतो. जोर दिला की पिनियनच्या दाताची एक बाजू क्राउनला टेकते, सोडला की दुसरी. झिजलेला डिफ यातल्या एका बाजूला जास्त रडतो. बेअरिंग सैल असेल तरी पिनियन पुढे-मागे सरकतो आणि आवाजाचा नूर बदलतो. तुम्ही लिहिलंय, ‘दाबा, सोडा, तसाच.’ जो थ्रॉटलला दाद देत नाही तो बहुधा कामाला लावलेलाच नसतो, नुसता फरफटत फिरत असतो.

म्हणून मला तुमच्या फिटरचा निकाल पटत नाही. दोन गोष्टी सांगा. पुढच्या हबवर फ्री-लॉकची, म्हणजे चाक एक्सलपासून सोडवायची-जोडायची चकती आहे का? असेल तर ती कुठे आहे?

आणि न्यूट्रलमध्ये उतार उतरायचा प्रयोग एकदा झाला, पुरे. इंजिन बंद करून तर कधीच नको. ब्रेकची मदत जाते.

---

काळी_पाच | ७ जुलै, रात्री १०:४४

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण चासीला तानपुऱ्याचा भोपळा म्हटल्यावर आले धाग्यात. 😀 काका, लिहीत राहा.

@ओढ्याकाठ, आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून टाकाल का? वेग एकसारखा ठेवून.

---

तिरकस | ७ जुलै, रात्री १०:५०

आता डिफची बंदिश. विलंबित, टॉप गिअर.

---

सांगलीचा_गणप्या | ८ जुलै, सकाळी ८:०२

अवांतर, पण जोंगा नावाचा अर्थ काय हो काका? लहानपणी लिलावातली एक आमच्या गल्लीत होती, आम्ही तिला डोंगा म्हणायचो.

---

जुना_ईएमई | ८ जुलै, सकाळी ९:३०

जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, याची आद्याक्षरं. गाडी मूळ निस्सानची, जबलपूरच्या कारखान्यात बनायची. पेट्रोल प्यायची कशी ते डिझेलदासांना सांगू नका.

---

डिझेलदास | ८ जुलै, सकाळी ९:३४

वाचलं.

---

ओढ्याकाठ | ८ जुलै, रात्री ९:१५

काका, हबवर चकती आहे. दोन्ही ‘लॉक’वर. खरं सांगू का, मी त्या कधी फिरवल्याच नाहीत. पावसाळ्यात ऐनवेळी चिखलात उतरून फिरवायला नको म्हणून आधीच्या मालकाने लॉक करून दिल्या, त्या तशाच आहेत. म्हणजे १३-१४ वर्षं.

@काळी_पाच, क्लिप चढवली आहे. मीटरवर काटा ५० ला, मोबाइलचा जीपीएस मात्र ४७ दाखवत होता.

---

जुना_ईएमई | ८ जुलै, रात्री ९:४०

मग ऐका. टू-व्हीलमध्ये चालवताना ट्रान्सफर केस पुढच्या शाफ्टला जोर देत नाही. पण हब लॉक असल्यामुळे पुढची चाकं एक्सलला फिरवतात, एक्सल क्राउनला, क्राउन पिनियनला, पिनियन पुढच्या प्रोपेलर शाफ्टला. सगळी वरात उलटी, आणि रिकामी. थ्रॉटलला दाद न देणारा, फरफटत फिरणारा म्हणतात तो हा.

हब फ्री करा. तोच रस्ता, तोच वेग. मग बोलू.

---

काळी_पाच | ८ जुलै, रात्री ११:२५

क्लिप ऐकली. पेटी काढून बसले. आवाजाला चक्क सूर आहे! मधल्या सप्तकातली पांढरी एक आणि काळी एक यांच्या मध्ये लटकतोय. अ‍ॅपवर मोजला तर २६८ हर्ट्झच्या आसपास. (पांढरी एक साधारण २६२, काळी एक २७७.)

मग भावाला पकडलं, तो मेकॅनिकल. त्याने टायरचा साइज आणि डिफचे दात विचारले. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५ आणि डिफचं गुणोत्तर ३.९०९, म्हणजे पिनियनला ११ दात, क्राउनला ४३, असं शोधून सापडलं. बरोबर आहे का?

असेल तर गणित: टायरचा परीघ सुमारे २.१ मीटर. ताशी ४७ म्हणजे सेकंदाला १३ मीटर. म्हणजे चाकाचे सेकंदाला ६.२ फेरे. प्रत्येक फेऱ्याला क्राउनचे ४३ दात पिनियनवर आपटणार. ६.२ गुणिले ४३ म्हणजे २६७.

मी पेटीवर ऐकला २६८. अंगावर काटा आला हो!

---

तिरकस | ८ जुलै, रात्री ११:३१

ताई, दंडवत. उद्यापासून माझ्या मिक्सरचा राग ओळखून द्या.

---

मावळी_गाडा | ९ जुलै, सकाळी ७:५०

गणित भारी, पण थांबा. टायरच्या घेरावर ४३ च्या आसपास गोट्या असतील तर टायरही हाच सूर काढणार. ओढ्याकाठ, गोट्या मोज. (मी टायर सोडणार नाही.)

---

ओढ्याकाठ | ९ जुलै, सकाळी ८:२०

खडूने खूण करून मोजल्या. कडेच्या ३२. शेजारचे आजोबा विचारत होते काय करतोस, काय सांगणार.

टायरचा साइज तोच, ताई. दातांचं मात्र डिफ उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

---

काळी_पाच | ९ जुलै, सकाळी ८:४१

३२ चे १९८ होतात. मंद्र सप्तकातली पांढरी पाच. तुमच्या क्लिपमध्ये खाली अस्पष्ट तो ‘व्ह्हऊ’ आहे, तो तिथेच कुठेतरी आहे, पण पसरट, एका सुरावर ठरत नाही.

---

मावळी_गाडा | ९ जुलै, सकाळी ८:४५

पसरट असणारच. एकच सूर निघू नये म्हणून टायरवाले गोट्या मुद्दाम कमी-जास्त आकाराच्या ठेवतात. मान्य. टायर सोडला.

---

जुना_ईएमई | ९ जुलै, सकाळी १०:१५

ताई, नोकरीत ही पद्धत आम्हाला कोणी शिकवली नाही, पण उत्तर बरोबर आहे. दातही बरोबर आहेत.

मात्र एक लक्षात घ्या. पुढच्या आणि मागच्या डिफचं गुणोत्तर सारखंच असतं, असावंच लागतं. नाहीतर फोर-व्हील टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतील. म्हणून सूर सांगतो, ‘डिफ आहे.’ कुठला, ते सांगत नाही. फिटरचा निम्मा निकाल खरा ठरला. उरलेला निम्मा हबवर.

---

पर्थकर | ९ जुलै, सकाळी ११:००

एक मिनिट. पहिल्या पोस्टची शेवटची ओळ कुणी वाचली का? ‘डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळपट ओघळ.’

या गाड्यांत पुढच्या एक्सलच्या टोकाला बंद गोळा असतो, त्यात जॉइंट ग्रीसमध्ये बसलेला असतो. एक्सलच्या नळीच्या तोंडाशी ऑइल सील असतं, डिफचं पातळ ऑइल गोळ्यात येऊ नये म्हणून. ते सील गेलं की ऑइल गोळ्यात येतं, ग्रीस पातळ करतं आणि दोन्ही मिळून चाकाच्या आत ओघळतात. डिफ तिकडे कोरडा पडत जातो आणि खाली जमिनीवर डाग मात्र नावालाच दिसतो. ‘जुन्या गाड्यांना असतंच’ या वाक्याने मी एक एक्सल घालवलाय. ऑइल पातळी कधी बघितली होतीस?

---

ओढ्याकाठ | ९ जुलै, दुपारी १:०५

पुढच्या डिफची?

मागच्याची बघतो दरवर्षी.

---

तिरकस | ९ जुलै, दुपारी १:०७

त्या प्रश्नचिन्हातच निदान आहे.

---

ओढ्याकाठ | १२ जुलै, रात्री ९:५५

उशीर झाला, कारण हबच्या चकत्या इतक्या गंजल्या होत्या की दोन रात्री तेल मारून भिजत ठेवल्या. शेवटी काल फिरल्या.

हब फ्री. तोच रस्ता. ४०, ५०, ६०.

काही नाही!! टायरचा व्ह्हऊ आणि हूडची फडफड. बायको म्हणाली, गाडी बंद पडली का?

परत लॉक केले, घुंईं हजर. तीनदा केलं.

---

खोपोलीचा_घाट | १२ जुलै, रात्री १०:२०

मग झालं की. हब फ्री ठेव आणि विसर. २८ हजार वाचले. 🙂

---

जुना_ईएमई | १२ जुलै, रात्री १०:४५

विसरू नका. ओढ्यात ज्या दिवशी फोर-व्हील लागेल त्याच दिवशी तो डिफ धरेल.

चाकाची बेअरिंगं हब फ्री असतानाही फिरतात, म्हणून ती आता पूर्ण निर्दोष. पण थांबणाऱ्या गोष्टी अजून तीन आहेत: पुढचा प्रोपेलर शाफ्ट, पुढचा डिफ आणि एक्सल त्याच्या जॉइंटसकट. शाफ्ट काढून टाका. दोन्हीकडे चार-चार बोल्ट. काढण्याआधी फ्लँजवर दोन्ही टोकांना छिन्नीची खूण करा, तो जसा होता तसाच बसला पाहिजे. मग हब लॉक करून चालवा. आवाज गेला तर शाफ्टचे क्रॉस, राहिला तर डिफ.

उचलून तपासणार असाल तर एक सूचना. फोर-व्हील टाकलेली असताना एकच एक्सल उचलून इंजिन चालू करू नका. टेकलेली चाकं ओढतील आणि गाडी स्टँडवरून उडी मारेल. आमच्या वर्कशॉपमध्ये भिंत पाडून गेलेली मी पाहिली आहे.

---

डिझेलदास | १२ जुलै, रात्री ११:०२

मधल्यामध्ये: पुढच्या डिफमध्ये १४० नंबरचं घट्ट ऑइल टाक, आवाज निम्मा होईल. आमच्याकडे पूर्वी गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा टाकून गाड्या विकायचे.

---

सांगलीचा_गणप्या | १२ जुलै, रात्री ११:१०

भुसा कशाला, आमच्याकडे केळी. सालं काढून की सालासकट यावर वाद होता.

---

मावळी_गाडा | १२ जुलै, रात्री ११:२४

शिकरण! गंमत बाजूला, पण ऑइलचं नीट सांगा, नाहीतर कुणीतरी खरंच करेल. डिफला जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं, कारण तिथं दात एकमेकांवर घासत सरकतात आणि दाब प्रचंड असतो. गिअरबॉक्सला मात्र जीएल-४. जीएल-५ मधली रसायनं सिंक्रोच्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला खातात असं म्हणतात. सगळीकडे एकच ओतायचं नाही.

---

डिझेलदास | १२ जुलै, रात्री ११:३०

तीस वर्षं सगळीकडे एकच ओततोय. काही झालं नाही.

---

मावळी_गाडा | १२ जुलै, रात्री ११:३२

गिअर पडताना खर्रर्र होतो का?

---

डिझेलदास | १२ जुलै, रात्री ११:४०

तो पहिल्यापासूनच होतो.

---

*(इथून पुढचे वीसेक प्रतिसाद ऑइलवर झाले. धाग्याचं काश्मीर होतंय असं कुणीतरी म्हणालं आणि मग कुठलं ऑइल काश्मीरच्या थंडीत चालतं यावर आणखी सहा.)*

---

ओढ्याकाठ | १४ जुलै, संध्याकाळी ७:३०

शाफ्ट काढला. हब लॉक. आवाज आहे तसाच.

मग ठरल्याप्रमाणे डिफ. वरचा, भरायचा बोल्ट आधी सोडवला (एका मित्राने खालचा आधी सोडून सगळं ऑइल काढलं होतं आणि नंतर कळलं की वरचा सुटतच नाही). बोट पूर्ण आत घातलं. कोरडं.

खालचा सोडला. यात दोन लिटर बसतं म्हणतात. आलं पाऊण लिटर, आणि ते ऑइल नव्हतं. अमृततुल्यमधला चहा. दुधाळ, वर फेस. बोल्टच्या चुंबकावर राखाडी लगदा होता, तो असतोच असं वाचलं होतं. पण त्यात चमकणारे, नखाएवढे पातळ पापुद्रे.

---

जुना_ईएमई | १४ जुलै, रात्री ८:१०

लगदा चालतो, पापुद्रे चालत नाहीत. ते बेअरिंगचे. बहुधा पिनियनचं.

ब्रीदर बघितलात का? एक्सलच्या नळीवर वर छोटी टोपी असते.

---

ओढ्याकाठ | १४ जुलै, रात्री ८:५५

टॉर्च घेऊन आत्ता बघून आलो. टोपीवर कुंभारमाशीचं घर आहे. चक्क मातीचं, पक्कं लिंपलेलं.

---

जुना_ईएमई | १४ जुलै, रात्री ९:२०

आता सगळी साखळी लागली. चालून चालून डिफ तापतो, आतली हवा फुगते. ती ब्रीदरमधून बाहेर पडायला हवी. माशीने दार लिंपलं, म्हणून हवेने सील ढकलून वाट काढली आणि ऑइल गोळ्यात गेलं. मग तो गरम डिफ तुम्ही ओढ्याच्या गार पाण्यात घातला. हवा एकदम आकसली, तिने त्याच ढिल्या सीलमधून पाणी आत ओढलं. दर पावसाळ्यात थोडं थोडं. पाण्याने बेअरिंगला खड्डे पडले, पिनियन हलायला लागला, दातांची बैठक बिघडली आणि ताईंच्या पेटीत सूर आला.

क्राउन-पिनियन लगेच बदलायला सांगू नका. आधी उघडून दात बघा.

---

काळी_पाच | १४ जुलै, रात्री ९:३२

एका माशीपासून पांढरी-काळीच्या मधल्या सुरापर्यंत! काका, तुम्ही शिकवणी घेता का?

---

ओढ्याकाठ | ३ ऑगस्ट, रात्री १०:१०

मधे भातलावणी होती, म्हणून गायब होतो.

जुन्या फिटरला सगळं सांगितलं. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, “मी चक्कर मारली तेव्हा मागे बसलो होतो.” भांडण नाही, पण पुढच्या डिफचं काम त्याला जमणारं नव्हतं, त्यानेच दुसऱ्याचं नाव दिलं.

डिफ उघडला. दात मोजले: ११ आणि ४३. ताई, तुम्हाला पेढे. दात शाबूत, थोडे घासलेले. पिनियनचं आतलं बेअरिंग मात्र खड्ड्या-खड्ड्यांचं, वाटी बघवत नव्हती. नाना पेठेतून दोन्ही बेअरिंगं, सगळी सीलं, दोन्ही गोळ्यांची किट आणि पिनियनचा नवा स्पेसर आणला. जुना एकदा दाबला गेलेला, तो परत वापरायचा नसतो, हे मिस्त्रींनी न विचारता सांगितलं तेव्हा जीवात जीव आला.

त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. शेंदूर तेलात कालवून क्राउनच्या दातांना लावला, हाताने फिरवला आणि पिनियनने कुठं पुसला ते बघितलं. डाग दाताच्या टोकाकडे गेला की शिम (जाडी जुळवायची पातळ चकती) बदलायची, परत शेंदूर. चौथ्या खेपेला डाग मधोमध. पिनियनचा घट्टपणा दोरी गुंडाळून, ताणकाट्याने ओढून मोजला. ताणकाटा मासे तोलायचा. मी दुपारभर स्टुलावर बसून होतो.

सगळं मिळून ११ हजारांच्या जरा वर. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटपर्यंत वर नेली.

घुंईं गेला. हब लॉक असतानाही गेला. आता मात्र पावसाळा सोडून फ्री ठेवतो आणि महिन्यातून एकदा फिरवतो.

चिव-चिव: मागच्या शाफ्टचा पुढचा क्रॉस. आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या होत्या, तांबूस भुकटी तीच. ग्रीस भरायचा निपल होता, त्यावर इतका चिखल की तिथं निपल आहे हे १३ वर्षांत कळलं नाही. क्रॉस मीच घातला, बढाई मारत. शाफ्टचे दोन भाग जोडताना क्रॉस धरणारे काटे एका दाताने चुकले आणि ६० ला गाडी थरथरायला लागली. परत काढून दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आणले. त्याबद्दल जास्त बोलणार नाही.

खट्: ट्रान्सफर केस तीन रबरांवर टांगलेली असते, एक फाटलं होतं. बदललं. निम्मा खट् राहिला आहे.

---

जुना_ईएमई | ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

निम्मा राहू द्या. गिअर, ट्रान्सफर, शाफ्ट, डिफ, सगळ्यांची थोडी थोडी ढिलाई मिळून तो होतो. वाढला तर सांगा.

शेंदूर हाताला राहिला असेल तर साबणाने नीट धुवा, ते शिसं आहे.

---

पर्थकर | ४ ऑगस्ट, पहाटे ५:०५

नव्या ऑइलचे हजार किलोमीटर झाले की परत एकदा काढून बघ. नव्या बेअरिंगांबरोबर जुना कचरा फिरत असतो.

---

डिझेलदास | ४ ऑगस्ट, सकाळी ९:१२

अभिनंदन. माझाही पुढचा ब्रीदर काल बघितला. सांगत नाही काय निघालं.

---

ओढ्याकाठ | ११ ऑगस्ट, रात्री ९:२०

मंडळी, घुंईं गेल्यामुळे आता एक नवीन ऐकू यायला लागलाय. टिक… टिक… टिक. अगदी हळू असताना, उजवीकडून, मागून. आधी असेलही, ऐकू येत नसेल.

---

जुना_ईएमई | ११ ऑगस्ट, रात्री ९:४१

चाकाच्या एका फेऱ्याला एक, की जास्त?

---

ओढ्याकाठ | ११ ऑगस्ट, रात्री १०:०३

बायकोला चालवायला लावून बाजूने चालत मोजलं. एका फेऱ्याला बरोबर एक.

---

मावळी_गाडा | ११ ऑगस्ट, रात्री १०:०६

टायर बघ.

---

ओढ्याकाठ | ११ ऑगस्ट, रात्री १०:१९

खडा होता. दोन गोट्यांच्या मध्ये. काढला.

---

मावळी_गाडा | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

🙏